पांढरं काहीतरी दाखवा

लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरच्या आमच्या भाड्याच्या घरात सकाळी सगळ्यांच्या आधी बॉयलर उठायचा. तो घसा साफ केल्यासारखा आवाज करायचा, मग भिंतींतल्या पाइपांत टकटक सुरू व्हायची, आणि थोड्या वेळाने बाहेरून बाबांनी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडल्याचा आवाज यायचा. बाबांचं ऑफिस ब्रॅकनेलला. घरही तिथेच घ्यावं असं कुणीही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, पण आईने निघतानाच जाहीर केलं होतं की जिथे सांबार मिळत नाही तिथे ती राहणार नाही. सांबार म्हणजे कोथिंबीर. आई नागपूरची, बाबा पुण्याचे, आणि कोथिंबिरीला सांबार म्हणणं हा बाबांच्या मते भाषेवरचा अत्याचार होता. तो वाद दर शनिवारी वेम्बलीला, ईलिंग रोडवर भाजी घेताना, नव्याने व्हायचा आणि मी लाजून चार पावलं मागे चालायचे. त्या सांबारापायी बाबा रोज एम ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर जाऊन-येऊन तीन तास काढायचे. थंडीत ते अंधारात निघायचे आणि अंधारात परतायचे. रविवारी अर्धा दिवस झोपून काढायचे. म्हणजे आठवडेच्या आठवडे आम्ही त्यांना घरात बल्बच्याच उजेडात बघत होतो, आणि हे तेव्हा कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मी चौदा वर्षांची होते आणि मला मैत्रिणी नव्हत्या. पुण्याच्या शाळेत मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. इथे मी वर्गात काही बोलले की पलीकडच्या टेबलावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. त्यामुळे शाळेत मी गप्प असायचे आणि साठलेलं सगळं घरी येऊन आईवर काढायचे. बाबांनी तो कॅमेरा घेतला तो खरं तर माझ्यासाठीच, पण तसं कबूल न करता. चंदेरी रंगाचा, खिशात मावणारा, मागे छोटासा स्क्रीन असलेला डिजिटल कॅमेरा. सोबत जाडजूड माहितीपुस्तिका होती. बाबांनी ती उघडूनही बघितली नाही. मी मात्र दोन आठवड्यांत पाठ केली. आज माझ्या फोनमध्ये त्याच्या दहापट चांगला कॅमेरा आहे आणि मी त्यातलं एकही बटण समजून घेतलेलं नाही. त्या वर्षीची चिकाटी पुन्हा माझ्यात आली नाही, आणि ती यावी अशी माझी इच्छाही नाही.

पहिले फोटो दिवाळीचे काढले आणि नागपूरला ईमेलने पाठवले. दोन दिवसांनी मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, नागपुरात धरमपेठेत त्याचा दवाखाना. आईचं त्याच्यावाचून पान हलायचं नाही. माझं गळू, बाबांची अॅसिडिटी, शेजारणीच्या सुनेची पाळी, सगळं ती फोनकार्डावरचा लांबलचक नंबर दाबून त्याला विचारायची. इथल्या डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता. ते पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात, हे तिने एकदा अनुभवलं होतं आणि दहा जणींकडून ऐकलं होतं. तर मामा त्या दिवशी आईला हसत म्हणाला, "वासू, तिकडे सगळ्यांना एकदमच कावीळ झाली काय गं?" फोटोत आम्ही तिघंही हळद माखल्यासारखे पिवळे होतो. फराळाच्या ताटातला चिवडा, चकली आणि आईचा चेहरा, सगळं एकाच रंगाचं. इंग्लंडातल्या घरांत ट्यूबलाइट नसतात, पिवळे बल्ब असतात, आणि कॅमेरा त्या पिवळेपणावर जास्तच भाळला होता. आईला मामाचं बोलणं लागलं. परदेशात जाऊन आपली माणसं आजारी दिसतात, हे तिच्या माहेरात कुणी म्हणणं तिला परवडणारं नव्हतं.

हे आपलं काम आहे, असं मला वाटलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी इतरांपेक्षा जास्त येत होतं. पुस्तिकेत व्हाइट बॅलन्सचं अख्खं पान होतं. सूर्याचं चित्र निवडलं तर बाहेरचा उजेड, ढगाचं निवडलं तर ढगाळ, बल्बचं निवडलं तर घरातला. बल्ब लावून बघितला, पिवळेपणा कमी झाला पण पुरता गेला नाही. शेवटचा पर्याय होता स्वतःचा बेतायचा. त्यासाठी कॅमेऱ्याला पांढरं काहीतरी दाखवा, असं लिहिलं होतं. म्हणजे कॅमेरा ते पांढरं धरून बाकीचे सगळे रंग त्याच्या मापाने लावतो. मी इकडेतिकडे बघितलं. समोर हॉलची एवढी मोठी रिकामी पांढरी भिंत होती. घरमालकाच्या करारात खिळा ठोकायला बंदी असल्यामुळे तिच्यावर कॅलेंडरसुद्धा नव्हतं. मी कॅमेरा भिंतीवर रोखला आणि बटण दाबलं. मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एका घराने वाढवलं, कारण तरीही चेहरे काळवंडलेले येत होते. त्यानंतरच्या फोटोत आई अगदी नागपूरच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली बसल्यासारखी दिसली. ती इतकी खूश झाली की तिने त्या रात्री माझ्यासाठी सांबारवडी केली, आणि बाबांनी ती कोथिंबीरवडी म्हणून खाल्ली. मी ती सेटिंग तशीच जपून ठेवली, कुणालाही कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही.

डिसेंबर लागला तसे बाबा थकायला लागले. आल्या आल्या सोफ्यावर पडायचे. जेवण अर्ध्यावर सोडायचे. कामाचं काहीतरी मोठं जानेवारीच्या मध्यावर सुरू व्हायचं होतं, ते रिलीज म्हणायचे, आणि ते पार पडलं की कंपनी आमचे कायम राहण्याचे कागद पुढे पाठवणार होती. घरात त्या रिलीजचं नाव एखाद्या पाहुण्यासारखं घेतलं जायचं. एका संध्याकाळी आईने केलेला गोळाभात त्यांनी न चाखता सरकवला, तेव्हा आईने त्यांची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला.

"अहो, डोळे पिवळे दिसताहेत तुमचे."

बाबा म्हणाले, दिव्याखाली काय, तुझेही दिसताहेत. आई म्हणाली उद्या डॉक्टरकडे जाऊ. बाबा म्हणाले उद्या शक्य नाही, परवाही नाही, आणि त्या डॉक्टरकडे जाऊन मिळणार काय, तूच तर सांगत असतेस. आईला स्वतःच्या बोलण्यातून वाट काढता येईना. शेवटी दोघांनाही पटेल असा तोडगा निघाला, आणि असा तोडगा आमच्याच घरात निघू शकतो: मामाला फोटो पाठवायचा.

मला बोलावलं गेलं. मी बाबांना सोफ्यावर बसवलं, दिव्याची शेड काढली, त्यांना वर बघायला सांगितलं आणि आईला खालची पापणी ओढून धरायला लावली. आईच्या बोटांना कांद्याचा वास येत होता म्हणून बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. मी मोठ्या डॉक्टरणीच्या थाटात हलू नका म्हणाले. कॅमेरा फुलाच्या चित्रावर, म्हणजे जवळच्या वस्तूसाठी ठेवला. व्हाइट बॅलन्स आमचा नेहमीचा, एक्स्पोजर आमचं नेहमीचं. दोन डोळ्यांचे दोन फोटो. स्क्रीनवर बघितलं तर डोळे स्वच्छ पांढरे. आईने पुन्हा पुन्हा बघितलं, एकदा स्क्रीनकडे, एकदा बाबांकडे. मी तिला समजावून सांगितलं की आपल्या डोळ्यांना दिव्याचा पिवळेपणा फसवतो, पण कॅमेऱ्याला मी तो वजा करायला शिकवलंय, तेव्हा कॅमेरा दाखवतो ते खरं. मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, आणि ते बोलतानाचा माझा आवाजही.

मामाने दुसऱ्या दिवशी कळवलं की डोळ्यांत काही नाही, प्रवासाची दगदग आहे, तेलकट बंद करा, ताक द्या, बी कॉम्प्लेक्स सुरू करा. आईने सुस्कारा सोडला आणि ताकाचं विरजण वाढवलं. त्या शनिवारी ईलिंग रोडवर देवधर काकू भेटल्या. त्या पंचवीस वर्षं इथे होत्या, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. त्या दिवशी ऊन पडलं होतं, थंडगार पण लख्ख. बाबांच्या तोंडाकडे बघून काकू बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, डोळे दाखवून घ्या हं तुमच्या जीपी डॉक्टरांना. मला हे बरं दिसत नाहीये." आईने अभिमानाने सांगितलं की माझ्या भावाने, फिजिशियन आहे तो, फोटो बघून सांगितलंय. आणि मी कोटाच्या खिशातून कॅमेरा काढून काकूंना तो फोटो दाखवला. उन्हात स्क्रीन नीट दिसत नव्हता, तरी हाताचा आडोसा करून दाखवला. काकूंनी फोटो बघितला, बाबांकडे बघितलं, आणि आपला चष्मा पुसून म्हणाल्या, असेल बाई, मलाच हल्ली नीट दिसत नाही. एका मोठ्या बाईला मी भर रस्त्यात तिच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा आर्टच्या तासाला एक गृहपाठ मिळाला: घरातली एक वस्तू कोऱ्या कागदासमोर ठेवून तिचे फोटो काढायचे. मी आईचं पितळी भांडं घेतलं, प्रिंटरचा कोरा कागद हॉलच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि कॅमेरा उचलला. उचलला तो तसाच हातात राहिला. कागद पांढरा होता. भिंत पांढरी नव्हती. भिंत सायीच्या रंगाची होती, चांगल्या घट्ट, म्हशीच्या दुधाच्या सायीच्या. दीड वर्षं मी त्या भिंतीकडे तोंड करून जेवत होते आणि ती पांढरी आहे असं समजत होते, कारण शेजारी खरं पांढरं कधी ठेवलंच नव्हतं. मी कागद घेऊन घरभर फिरले. जिना, बेडरूम, सगळीकडे तीच साय. जिन्याखालच्या कपाटात घरमालकाने ठेवलेला रंगाचा अर्धा डबा होता, त्यावर मॅग्नोलिया असं लिहिलेलं होतं. पुढे मला कळलं की या देशात भाड्याने द्यायची निम्मी घरं याच रंगाने रंगवतात आणि इथे जन्मलेल्या कुणालाही तो पांढरा वाटत नाही. मी कॅमेऱ्याला पिवळट भिंत दाखवून सांगितलं होतं की हे पांढरं समज. त्याने बिचाऱ्याने ऐकलं होतं. पिवळं ते सगळं पांढरं केलं होतं, आणि राहिलं असेल ते मी वाढवलेल्या एक्स्पोजरने धुऊन काढलं होतं.

बाबा त्या दिवशी लवकर आले होते. आई वाण्याकडे गेली होती. मी कागद दाखवून सेटिंग पुन्हा केली, एक्स्पोजर शून्यावर आणलं आणि त्यांना म्हटलं एक फोटो काढू द्या, शाळेसाठी. त्यांनी स्वतःच पापणी ओढून धरली, म्हणजे शाळेसाठी नाही हे त्यांना कळलंच होतं. मी फोटो काढला. बघितला. माझ्या हातातून कॅमेरा त्यांनीच घेतला. बराच वेळ ते त्या एवढ्याशा स्क्रीनकडे बघत बसले. डोळ्यातला बुबुळाभोवतीचा सगळा भाग पिवळाजर्द होता. मी भिंतीचं सांगायला लागले, कागदाचं, डब्याचं, आणि सांगता सांगता रडायला लागले.

बाबा म्हणाले, "हा नको पाठवूस. आधीचाच असू दे."

"पण तो चुकीचा आहे बाबा."

"माहितीये. दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे, शमे. रिलीज झालं की मी स्वतः जातो डॉक्टरकडे. आईला इतक्यात बोलू नकोस."

त्यांनी फोटो पुसून टाकला. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना माहीत नव्हतं, मीच दाखवलं. मग त्यांनी माझ्यासाठी चहा केला, आणि आम्ही आई यायच्या आत तो पिऊन कप विसळून ठेवले.

मी अकरा दिवस गप्प राहिले. या अकरा दिवसांबद्दल मला सगळ्यात कमी लिहिता येतं. आई ताक घुसळायची, बाबा ते प्यायचे, मी शेजारी बसून भाजीतली मोहरी बाजूला काढत असायचे. बाबा रात्री अंग खाजवायचे, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. चौदा वर्षांच्या मुलीने काय करायला हवं होतं, हे मला कुणीही सहज सांगू शकेल, आणि मीही स्वतःला रोज सांगते. पण बाबांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, चूक माझी होती, आणि ती चूक लपवायची परवानगी मला मिळाली होती. मला भीती वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. दुसरी गोष्ट मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

रिलीज झालं. दुसऱ्या दिवशी बाबा शब्दाला जागून डॉक्टरकडे गेले आणि तिथून थेट हॉस्पिटलमध्ये. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती. ऑपरेशन करता येण्यासारखी राहिली नव्हती. डॉक्टर भराभरा बोलायचे, तेव्हा आईला समजावून सांगायचं काम माझं होतं. तिने मला विचारायला लावलं, महिनाभर आधी आलो असतो तर? मी तो प्रश्न इंग्रजीत विचारला. डॉक्टरीणबाई दयाळू होत्या, त्यांनी बराच वेळ घेऊन सांगितलं की शक्य आहे, पण खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. मी आईला शेवटचंच सांगितलं. पण पॉसिबल एवढा शब्द कळायला तिला माझी गरज नव्हती. बाबा उन्हाळ्यात गेले. कंपनीने कागदांचं काम मात्र पुढे नेलं, आणि आई व मी इथेच राहिलो.

आईने दोष मामावर ठेवला. भांडण असं झालंच नाही. तेराव्या दिवशी तिने त्याला फोन केला आणि म्हणाली, "तू डोळे स्वच्छ आहेत म्हणाला होतास, दादा. तुझ्या शब्दावर मी त्यांना ताक पाजत बसले." त्याने काय उत्तर दिलं मला ठाऊक नाही, ती लगेच फोन ठेवून आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कधीही बोलली नाही. त्याची पत्रं तिने उघडली नाहीत, त्याच्या मुलाच्या लग्नाला गेली नाही. मी शेजारच्या खोलीत होते. दर वेळी मी शेजारच्या खोलीतच होते.

गेल्या वर्षी मामाने मला शोधून काढलं आणि फोन केला. आवाज म्हातारा झाला होता. दवाखाना त्याने बंद केला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती: ते दोन फोटो माझ्याकडे आहेत का. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर त्याचे गेले होते. "मला एकदा बघायचंय माझं काय चुकलं," तो म्हणाला. "इतकी वर्षं आठवून बघतो, पण मला पिवळं दिसतच नाही." मी किचनमध्ये जमिनीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. भिंत, कागद, अकरा दिवस, बाबा काय म्हणाले ते.

"तू काऊन रडून राहिली?" तो म्हणाला. "फोटो बघून निदान करणारा डॉक्टर मी होतो. रक्त तपासा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं?" मग म्हणाला, "वासूला सांगितलं तू?"

मी नाही म्हणाले. म्हटलं, आज सांगते, आत्ता सांगते.

"नको," मामा म्हणाला. "माझ्यावर रागावून ती एवढी वर्षं जगली, पोरी. हा राग आता काढून घेतला, तर ती तो ठेवील कुठे? तुझ्यावर, नाहीतर तुझ्या बाबांवर. तुमच्या दोघांशिवाय तिच्याकडे आहे कोण. त्यापेक्षा माझ्याकडेच राहू दे."

मी वाद घातला. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, तरी त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी भाऊबीज आली. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. बाबा गेले त्या वर्षापासून आईही चंद्राला ओवाळते. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधारून येतं आणि बीजेची कोर अर्धा तास टिकली तर टिकली, म्हणून ती चारपासूनच तयार होऊन बसते. त्या दिवशीही ती जरीची साडी नेसून, वर माझं जाड जॅकेट घालून, हातात ताट घेऊन मागच्या बागेत उभी राहिली. मी निरांजनाला वारा लागू नये म्हणून तिच्यासमोर हात धरले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला लांबचं धड दिसत नाही. आभाळ पार झाकोळलेलं होतं, इकडून तिकडे नुसते ढग.

"दिसतोय का गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हो, दिसतोय. तिथे, झाडाच्या वर." तिने तिकडे तोंड केलं आणि ओवाळायला सुरुवात केली.